घाणेरीने झाकलेले दृश्य मोकळे करताना: छाटणीनंतरचे प्रश्न

रानवाट

डोंगरउतारावरच्या एका निरीक्षणकट्ट्याविषयी हा धागा काढत आहे. या कट्ट्यावरून पूर्वी खाली नदीचे वळण, तिच्या पलीकडचा गवताळ माळ आणि त्यामागचा उभा कडा असे सगळे एका नजरेत दिसत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत कट्ट्याखालचा उतार घाणेरीने, म्हणजेच टणटणीने, असा काही व्यापला की कठड्याला टेकून उभे राहिले तरी समोर पानांची भिंत आणि तिच्यावर आभाळाची पट्टी एवढेच दिसू लागले.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही पंधरा-सोळा जणांनी रीतसर लेखी परवानगी घेतली आणि दोन दिवसांत कोयत्याने ती सगळी झुडपे गुडघ्याच्या उंचीवर छाटून टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडा दिसला, तेव्हा माझे डोळे भरून आले, हे मी मोकळेपणाने सांगते. छायाचित्रे काढली, काम झाले असे समजून सगळे घरी गेलो.

यंदाच्या पहिल्या पावसानंतर महिनाभराने मी पुन्हा तिथे गेले. एका बुंध्यापाशी बसून फुटवे मोजले. जिथे छाटणीपूर्वी तीन दांडे होते तिथे अकरा फुटवे उभे होते: कोवळे, चौकोनी, कडांवर उलट वळलेले बारीक काटे असलेले. पान चुरगळले की तोच उग्र वास हाताला दिवसभर राहिला. शिवाय झुडपांची सावली गेल्यामुळे उघड्या पडलेल्या मातीत पावसाच्या पाण्याने बोटभर खोल चरे पाडले होते आणि त्या चरांच्या काठाने घाणेरीचीच नवी रोपे उगवली होती. म्हणजे आम्ही दृश्य मोकळे केले नव्हते, फक्त भिंत अधिक दाट होण्याची सोय केली होती.

हे काम मला सोडायचे नाही. ज्यांनी असे उतार हाताळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे: मुळात काय चुकले, पुन्हा सुरुवात कोठून करावी, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढे काय उगवू द्यावे?

मुळाशी

आपण जे वर्णन केले आहे ते घाणेरीच्या बाबतीत जवळजवळ नियमाने घडते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नये. या झुडपाचे खोड जिथे संपते आणि मूळ सुरू होते, त्या जमिनीलगतच्या गाठीसारख्या जाड भागात सुप्त डोळे असतात. वरचा भाग छाटला की ते जागे होतात, आणि मुळांत साठवलेले सगळे अन्न त्यांच्याच वाट्याला येत असल्यामुळे फुटवे झपाट्याने वाढतात. कोयता जितका वर चालवावा तितके झुडपाचे फावते. जाळल्यानेही हाच अनुभव येतो, कारण वरचे जळते, खालची गाठ वाचते आणि त्या आगीत आपल्याला हवे असलेले गवत व लहान रोपे मात्र होरपळतात.

याला उत्तर म्हणून दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात एक पद्धत वापरली आणि 2009 मध्ये ती प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व अगदी साधे आहे: फुटवे जिथून येतात त्या गाठीच्या खाली, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर, मुख्य मूळ तोडायचे. सगळी मुळे उकरून काढण्याची गरज नसते, त्यामुळे माती फारशी हलत नाही. मूळ तुटले की झुडूप उचलायचे आणि उलटे, म्हणजे मुळे आभाळाकडे करून, तिथेच ठेवायचे, जेणेकरून बुंध्याला पुन्हा मातीचा स्पर्श होणार नाही.

प्रत्यक्ष कामात दोन माणसांची जोडी लागते. एकाने लांब दांड्याच्या आकड्याने फांद्या एका बाजूला ओढून धरायच्या, म्हणजे बुंधा दिसतो, आणि दुसऱ्याने अरुंद पात्याची कुदळ तिरकी धरून गाठीच्या खाली घाव घालायचा. मूळ पूर्ण तुटले की नाही हे झुडूप हलवून कळते. एका बाजूला ताण जाणवत राहिला तर तिथे आणखी एक मूळ शिल्लक आहे असे समजावे. जुन्या झुडपांच्या लोळलेल्या फांद्या जिथे मातीला टेकतात तिथेही मुळे धरतात, आणि घाईत हीच ठिकाणे राहून जातात. त्यामुळे झुडूप उचलल्यावर त्याची सगळी टोके हाताने चाचपून पाहावीत. हातमोजे चामड्याचे असावेत. कापडी मोज्यातून काटे आत शिरतात.

नवी पालवी

इतके कष्ट घेण्याऐवजी शेळ्या किंवा गुरे त्या उतारावर सोडली तर झुडपे आपोआप आटोक्यात येणार नाहीत का?

मुळाशी

कृपया तसे करू नये. घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये असतात. ती पोटात गेल्यास जनावराच्या यकृताला इजा होते, कावीळ होते, आणि उन्हाने कातडी भाजल्यासारखी सोलवटते. जनावरे सहसा ही पाने टाळतात आणि आजूबाजूचे गवत खातात, म्हणजे ज्या गवताला आपण परत बोलावत आहोत तेच संपते आणि घाणेरीला आणखी मोकळी जागा मिळते.

पाखरू

मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी आहे आणि एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते. घाणेरी परकी आहे, तिने खालची वनस्पती मारली आहे, हे सगळे मान्य. परंतु ती दहा-बारा वर्षे एखाद्या उतारावर उभी असते तेव्हा तिथल्या जिवांनी तिच्याशी काही एक व्यवहार जुळवून घेतलेला असतो. बुलबुल तिची जांभळी-काळी फळे खातात, शिंजीर आणि फुलपाखरे तिच्या फुलांवर येतात, आणि जमिनीवर वावरणारे पक्षी काटेरी आडोशाला लपतात. एका दिवसात सगळा उतार बोडका केला तर त्यांना जायला दुसरी जागा उरत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की काम टप्प्याटप्प्याने करावे, विणीच्या काळात घनदाट जाळ्यांना हात लावू नये, आणि प्रत्येक जाळी तोडण्यापूर्वी एका माणसाने पाच मिनिटे शांत बसून आत-बाहेर करणारा पक्षी दिसतो का ते पाहावे. चोचीत गवताची काडी किंवा अळी घेऊन पक्षी त्याच जाळीत पुन्हा पुन्हा शिरत असेल तर ती जाळी त्या हंगामापुरती सोडून द्यावी.

आणखी एक मुद्दा. हेच पक्षी घाणेरीचे बी पसरवतात. त्यामुळे ज्या झाडांवर ते विसाव्याला बसतात त्या झाडांच्या बुंध्याभोवती रोपांची गर्दी उगवते. साफ केलेल्या जागेवर फेरी मारताना सगळीकडे सारखे फिरण्याऐवजी आधी या झाडांखाली जावे, निम्मे काम तिथेच सापडते.

रानवाट

मुळाशी आणि पाखरू, दोघांचेही मनापासून आभार. पाखरू यांचा टप्प्याटप्प्याचा मुद्दा वाचल्यावर मला वाटले की आधी नेमके किती काढायला हवे तेच आम्ही कधी पाहिले नाही. म्हणून काल एक प्रयोग केला आणि तो इथे मांडते.

एकाने उंच बांबूच्या टोकाला लाल फडके बांधले आणि झुडपांमधून वाट काढत तो उतार उतरू लागला. मी कठड्यापाशी उभी राहिले. फडके नदीच्या वळणाआड आले की मी हाक द्यायची आणि त्याने तिथे सुतळी बांधून खूण करायची. मग मी खुर्चीत बसून तेच पुन्हा केले, कारण लहान मुले आणि चाकाच्या खुर्चीतून येणारे लोक साधारण त्याच उंचीवरून पाहतात आणि आम्ही गेल्या वर्षी त्यांचा विचारच केला नव्हता.

निष्कर्ष असा निघाला की दृश्य अडवणारी बहुतेक झुडपे कट्ट्यापासून पहिल्या दहा-बारा मीटरांत आहेत. उतार पुढे खाली खाली जात असल्यामुळे त्यापलीकडची झुडपे, तितकीच उंच असूनही, नजरेच्या रेषेखाली राहतात. म्हणजे गेल्या वर्षी आम्ही जेवढे छाटले त्यातला बराच मोठा भाग दृश्यासाठी छाटण्याची गरजच नव्हती. बसलेल्या नजरेचा हिशेब धरला तर जवळच्या पट्ट्यात गवत कमरेच्या खाली राहायला हवे, एवढेच. मधोमध एक धामणीचे झाड आहे. ते कड्याचा डावा कोपरा झाकते, पण ते इथलेच आहे, आणि त्याच्या फांद्यांतून दिसणारी नदी मला मोकळ्या नदीपेक्षा अधिक सुंदर वाटते. ते तसेच राहील.

मृदा

बांबूचा प्रयोग उत्तम आहे आणि अशा प्रत्येक ठिकाणी तो आधी व्हायला हवा. मी मातीच्या अंगाने थोडे लिहितो.

घाणेरीखाली सहसा दुसरे फारसे काही उगवत नाही. त्यामुळे वरून हिरवागार दिसणारा उतार खालून जवळपास उघडाच असतो, आणि झुडूप हलवले की पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो. आपल्याला दिसलेले चरे त्याचेच आहेत. म्हणून उतारावर वरपासून खालपर्यंत सलग पट्टा कधीही मोकळा करू नये. उताराला आडव्या, समपातळीत जाणाऱ्या पट्ट्या आखाव्यात: एक पट्टी काढायची, तिच्याखालची तशीच ठेवायची, आणि वरच्या पट्टीत गवत धरले की मगच खालच्या पट्टीला हात लावायचा. उपटलेली झुडपे उलटी करून या पट्ट्यांच्या खालच्या कडेला आडवी रचली आणि अधूनमधून खुंट्या मारून अडवली की वाहून येणारी माती त्यांच्यामागे साठते. दोन पावसाळ्यांत त्या ओळीमागे हातभर रुंदीची भुसभुशीत पायरी तयार होते आणि गवताचे बी नेमके तिथेच आधी धरते. हे मी स्वतः पाहिले आहे.

जिथे उतार इतका उभा आहे की माणसाला हाताचा आधार घ्यावा लागतो, तिथे मूळ तोडूच नये. तिथे फुटवे वरचेवर छाटत राहणे आणि दरम्यान इतर वनस्पती जम धरेल अशी वाट पाहणे हाच मार्ग आहे; तो संथ आहे, पण दरड खाली आली तर कट्टाही राहणार नाही. काम करताना एकाच्या डोक्यावर दुसरा अशी उभी रांग लावू नये, निसटलेला दगड खालच्या माणसालाच लागतो.

नवी पालवी

माझा आणखी एक प्रश्न. घाणेरी खाणारे कीटक सोडण्याविषयी वाचले होते. त्याचा उपयोग होतो का?

गवतफूल

तो प्रयत्न फार जुना आहे. हवाई बेटांवर 1902 मध्ये मेक्सिकोतून कीटक आणून घाणेरीवर सोडले गेले, आणि तणाविरुद्ध मुद्दाम परदेशातून कीटक आणण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुढे अनेक देशांनी हा मार्ग धरला; भारतातही 1941 मध्ये पानांतील रस शोषणारा एक ढेकूण आणला गेला. काही ठिकाणी झुडपे कमजोर झाली, परंतु बहुतेक ठिकाणी ती पुन्हा सावरली. एक कारण असे की घाणेरी ही एकच एक सरळ जात राहिलेली नाही. बागांसाठी युरोपात तिचे इतके संकर केले गेले की एका वाणावर तुटून पडणारा कीटक दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय असे कीटक सोडणे हे शासकीय संशोधन संस्थांचे काम आहे, स्वयंसेवकांच्या गटाचे नव्हे.

काठावरून

या धाग्यातील तांत्रिक चर्चा मी आदराने वाचत आहे, पण मला मुळातच एक प्रश्न पडतो. दृश्य दिसावे म्हणून झुडपे काढायची, हे कारण पुरेसे आहे का? निसर्ग आपल्या डोळ्यांसाठी मांडलेला नाही. सौंदर्याच्या नावाखाली माणसाने निसर्गात जे फेरफार केले त्यांतूनच हे संकट आलेले आहे. घाणेरी भारतात 1807 च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली ती तिच्या रंगीत फुलांसाठीच. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकात आणलेले जांभळ्या फुलांचे ऱ्होडोडेंड्रॉन आज वेल्सच्या डोंगरांत आणि आयर्लंडमधील किलार्नीच्या ओकवनांत जमिनीवर उजेड पोहोचू देत नाही, आणि तेही शोभेसाठीच लावलेले होते. उद्या आपल्याला कड्याच्या आड येणारे देशी झाडही नकोसे वाटेल. मग थांबायचे कोठे?

रानवाट

काठावरून, आपला प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो माझ्याही मनात होता.

लोक दृश्यासाठीच येतात आणि दृश्यासाठीच कोयता हातात घेतात, हे मान्य. पण या उतारावर दृश्य गेले ते एकटे गेले नाही. माझ्याकडे याच कठड्यावरून काढलेली जुनी छायाचित्रे आहेत. त्यांत समोर कुसळीचे गवत आहे, मधे करवंदीच्या दोन-तीन जाळ्या आहेत, धायटीचा लाल बहर आहे. नदी दिसत होती कारण तिच्या आणि डोळ्यांच्या मधे बुटके, विरळ, तिथलेच काहीतरी उगवत होते. आज नदी दिसत नाही आणि करवंदही नाही, आणि दोन्ही एकाच कारणाने. म्हणून मी दृश्याकडे खूण म्हणून पाहते.

जुन्या छायाचित्रांचा असा उपयोग इतरत्रही झाला आहे. अमेरिकेतील योसेमिटी दरीत 1861 मध्ये कार्लटन वॉटकिन्स यांनी काढलेल्या छायाचित्रांत मोकळी कुरणे दिसतात. पुढे मूळ रहिवाशांनी ठरावीक काळाने लावायच्या आगी बंद झाल्या, वणवेही विझवले जाऊ लागले आणि दरीत झाडी दाटली. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने पुढे दृश्यस्थळांसाठी स्वतंत्र आराखडा केला. तिथे प्रश्न देशी झाडांचा होता, त्यामुळे तो आपल्यापेक्षा कितीतरी अवघड होता. माझ्यापुरती मर्यादा स्पष्ट आहे: या उतारावर परकीय झुडूप तेवढे निघेल, आणि देशी झाड कड्याच्या आड आले तर आपण दोन पावले बाजूला सरकून पाहायचे.

काठावरून

ही मर्यादा मला पटते. ती लेखी असावी आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला काम सुरू होण्यापूर्वी वाचून दाखवावी, एवढीच विनंती. हातात कुदळ आल्यावर उत्साहात झाडांची ओळख राहत नाही. करवंदीच्या आणि घाणेरीच्या कोवळ्या फांद्या शेजारी ठेवून दाखवल्या तर अधिक चांगले. करवंदीतून पांढरा चीक येतो, घाणेरीतून येत नाही.

गवतफूल

सुरुवात कोठून करावी, या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, आणि माझ्या मते सगळ्या कामाचे यशापयश त्यावरच ठरते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी 1960 च्या दशकापासून आपल्या घराजवळच्या रानातील परकीय वनस्पती काढण्याचे काम केले. रोज फिरायला जाताना थोडी थोडी तणे उपटायची, यातून त्यांची पद्धत घडली आणि पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिची तत्त्वे तीन. जिथे मूळ वनस्पती चांगल्या स्थितीत आहेत तिथून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकायचे. माती शक्य तितकी कमी हलवायची आणि वरचा पालापाचोळा होता तसा परत पसरायचा. आणि तिसरे, जे पाळायला सर्वांत कठीण जाते, ते म्हणजे मूळ वनस्पती ज्या वेगाने परत येतील त्याच वेगाने तणे काढायची, त्याहून अधिक नाही.

आपण सगळे नेमके उलटे करतो. जिथे घाणेरी सर्वांत दाट, तिथे सर्वांत जास्त राग, म्हणून तिथेच पहिला घाव. पण त्या जागी जमिनीत गवताचे बी उरलेले नसते, घाणेरीचे मात्र भरपूर असते, आणि मोकळी झालेली जागा पुन्हा तिच्याच ताब्यात जाते. याउलट, जिथे गवत अजून जिवंत आहे आणि त्यात घाणेरीची चार झुडपे शिरली आहेत, तिथून ती चार काढली तर गवत आपणहून ती जागा भरून टाकते. त्या गवताला बियाणे, पाणी, कुंपण यांतले काहीही द्यावे लागत नाही.

आपल्या कट्ट्याच्या बाबतीत अडचण ही आहे की दृश्यासाठी पहिले काम कठड्यालगत हवे आणि तीच जागा पायांनी तुडवलेली, सर्वांत बिघडलेली असणार. तेव्हा आपण सांगावे: त्या दहा-बारा मीटरांच्या पट्ट्याच्या आसपास कोठे गवत टिकून आहे का?

रानवाट

आहे. कट्ट्याच्या उजव्या अंगाला खडकाचा एक कातळ आहे आणि त्याच्या कडेने कुसळी आणि पवन्या अजून तग धरून आहेत. तिथून कड्याचे शिखर आणि नदीचा अर्धा भाग दिसण्याच्या रेषेत फक्त आठ-नऊ झुडपे येतात. आपले लिखाण वाचेपर्यंत त्या कोपऱ्याकडे मी काम म्हणून पाहिलेच नव्हते.

गवतफूल

मग आपली पहिली पट्टी तीच. त्या कातळाच्या कडेपासून कट्ट्याच्या मध्याकडे, पाचरीच्या आकारात, सरकत या. पहिल्या वर्षी पर्यटकांना कठड्याच्या उजव्या टोकाला उभे राहून पाहावे लागेल. तसा एक लहान फलक लावा आणि उरलेला कठडा दोरी बांधून बंद ठेवा, म्हणजे पायही त्या बाजूला पडणार नाहीत.

वेळेविषयी: मोठी झुडपे पावसाळ्याच्या शेवटी काढावीत, जमीन ओलसर असते तेव्हा मूळ तोडणे सोपे जाते आणि पुढचे काही महिने मुसळधार पावसाची भीती नसते. पिकलेली फळे आधी पोत्यात तोडून घ्यावीत. गवताचे बी त्याच उतारावरून, कणसे पिवळी पडल्यावर, हाताने ओरबाडून गोळा करावे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर पालापाचोळ्यात मिसळून टाकावे. बाहेरून आणलेले बी नको, त्यातून कोणते तण येईल सांगता येत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिली फेरी करावी. त्या वेळी घाणेरीची रोपे बोटाएवढी असतात आणि दोन बोटांच्या चिमटीत मुळासकट येतात. तीच दोन महिन्यांनी कुदळ मागतात. अशा फेऱ्या निदान चार-पाच वर्षे लागतील, हे आजच स्वयंसेवकांना सांगून ठेवा.

दक्षिण आफ्रिकेत 1995 पासून परकीय झाडे-झुडपे हटवण्याचा मोठा शासकीय कार्यक्रम चालतो, ज्यात पाणी वाचवणे आणि बेरोजगारांना काम देणे हे दोन हेतू जोडलेले आहेत. तिथेही पहिल्या तोडणीबरोबरच पुढच्या फेऱ्यांची तरतूद करतात. फेऱ्या चुकल्या की आधीची तोडणी वाया जाते, हा तिथलाही अनुभव आहे.

मृदा

तणनाशकाविषयी कोणी विचारले नाही, तरी लिहून ठेवतो. कापलेल्या बुंध्यावर ताबडतोब, ब्रशने, ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपायर लावण्याची पद्धत जगभर वापरली जाते आणि उभ्या उतारावर, जिथे मूळ तोडणे धोक्याचे आहे, तिथे तिचा विचार होऊ शकतो. पण ते प्रशिक्षित माणसाचे आणि परवानगीचे काम आहे, आणि खाली नदी असताना फवारणी तर मुळीच नको. आपल्या पाचरीत त्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

मुळाशी

निघालेल्या लाकडाचा एक उपयोग सांगतो. आडव्या ओळी रचून उरलेले सरळ दांडे उकळून त्यांची साल काढली की ते वाकवता येतात आणि वेताच्या जागी चालतात. कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरांत सोलिगा समाजातील कारागीर त्यांपासून खुर्च्या, टोपल्या आणि शोभेच्या वस्तू करतात. अर्थात एका कट्ट्याखालच्या झुडपांतून उद्योग उभा राहणार नाही, आणि उद्योग उभा राहिला की झुडूप टिकवण्याचा मोह होतो, हेही ध्यानात ठेवावे.

रानवाट (पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर)

हा धागा वर आणत आहे, कारण सांगण्यासारखे थोडे साचले आहे.

पावसाळ्याच्या शेवटी आम्ही सहा जणांनी कातळालगतची नऊ झुडपे मुळाच्या गाठीखाली तोडून उलटी केली. गेल्या वेळी दोन दिवसांत सगळा उतार छाटला होता; या वेळी नऊ झुडपांना एक अख्खा दिवस लागला. एका जाळीत पाखरू यांनी सांगितले तसे बसून पाहिले, बुलबुलाची जोडी आत-बाहेर करत होती, म्हणून ती दहावी जाळी आजही उभी आहे.

उन्हाळ्यात तो कोपरा अगदी भकास दिसत होता. येणाऱ्यांपैकी काहींनी नाराजी बोलून दाखवली आणि मलाही धीर धरणे जड गेले. पावसाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पहिली फेरी केली. रचलेल्या झुडपांच्या ओळीमागे खरोखरच माती साठली होती आणि तिच्यात गवताची पाती केसांसारखी दाट उभी होती. घाणेरीची रोपेही होती, दोन घमेली भरून निघाली, आणि बहुतेक धामणीच्या झाडाखालीच. उलट्या ठेवलेल्या नऊ झुडपांपैकी एकाला फुटवे आले. पाहिले तर त्याची एक लोळलेली फांदी मातीत रुजली होती, जी आमच्याकडून चाचपायची राहिली होती. ती काढली.

काल सकाळी कठड्याच्या उजव्या टोकाला खुर्ची ठेवून बसले. समोर कुसळी मांडीइतकी वाढली आहे, तिची कुसळे एकमेकींत पिळून गुंतली आहेत आणि वारा आला की सगळा पट्टा एका बाजूला लवतो. तो लवला की नदीचे वळण दिसते, सरळ झाला की अर्धे झाकते. कडा मात्र पूर्ण दिसतो. बाकीचा कठडा अजून दोरी लावून बंदच आहे आणि त्याच्यासमोरची भिंत होती तशीच आहे.

पुढची पट्टी कातळापासून डावीकडे चार मीटर आखली आहे. तिच्यात अकरा झुडपे आणि करवंदीची एक रोपटी आहे, जी आम्हाला घाणेरीच्या पोटात जिवंत सापडली. तिच्याभोवती सुतळी बांधून ठेवली आहे. मुळाशी, कुदळीचे अरुंद पाते कोणत्या कोनात घासून घ्यावे, ते कृपया सांगावे. आमचे पाते दगडावर आपटून बोथट झाले आहे.

मुळाशी

पाते एकाच बाजूने घासावे, दुसरी बाजू सपाट ठेवावी. सपाट बाजू जमिनीकडे धरून घाव घातला की ते मातीत रुतत नाही, मुळाकडे सरकते. फार धारदारही करू नये. खडकाळ जमिनीत पातळ धार पहिल्या तासातच मोडते. आणि करवंदीच्या सर्वांत जवळचे झुडूप शेवटी काढावे, तोवर उन्हाळ्यात तिला त्याचीच सावली लागेल.